वाढत्या अंगाचा बास नको!

जीन्स घेताना आपण ट्रायल रूममध्ये अर्धा तास काढतो. मग मुलांचं वाद्य घेतानाच ‘चालेल, पुढे बसेल बरोबर’ असं का म्हणतो?

आपल्यापैकी बहुतेकांचं बालपण दोन साइज मोठ्या कपड्यांत गेलंय. जूनमध्ये युनिफॉर्म घ्यायचा तो वाढत्या अंगाचा. बाह्या कोपराच्या खाली, पँटची पट्टी आत दुमडलेली आणि बुटांच्या टोकात कापूस. दोन वर्षं निघाली की आई खूश! मिडल क्लास बजेटचा हा साधासोपा फंडा होता आणि कपड्यांच्या बाबतीत तो चालूनही जायचा. सैल शर्टाने कुणाचं मनगट दुखत नाही.

वाद्याने दुखतं. आणि मनगट दुखायला लागलं की मूल तक्रार करत बसत नाही, ते फक्त प्रॅक्टिस टाळायला लागतं. आज पोट दुखतंय, उद्या होमवर्क आहे, परवा मूड नाही. आपण म्हणतो, इंटरेस्ट संपला. आजकालच्या मुलांना पेशन्सच नाही. खरं कारण तिकडे कोपऱ्यात उभं असतं, साइज चुकलेलं.

हे सगळं माझ्या डोक्यात शिरायला निमित्त झालं माझ्या भाचीचं. मॅडम चौथीत आहेत. कॅमील सँ-साँस या फ्रेंच संगीतकाराने १८८६ मध्ये ‘कार्निव्हल ऑफ द अ‍ॅनिमल्स’ नावाची एक धमाल रचना केली. त्यात सिंह, कासव, कांगारू असे वेगवेगळे प्राणी येतात. हत्ती येतो तेव्हा सगळी ऑर्केस्ट्रा गप्प बसते आणि पियानोच्या साथीने वाजतो डबल बास. जाडजूड, घुमणारा, तरीही नाचरा. भाचीने तो व्हिडिओ बघितला आणि जाहीर केलं, “मला हत्तीचं वाद्य शिकायचंय.” घरच्यांनी कीबोर्ड दाखवून बघितला, गिटार दाखवून बघितली. महिनाभराने विचारलं तरी उत्तर तेच. हत्तीचं वाद्य!

आणि नेमका त्याच वेळी भाऊजींना एक डबल बास मिळत होता. ओळखीतल्या कुणाचा तरी, सेकंडहँड, चांगल्या कंडिशनमध्ये आणि भाव एकदम रीझनेबल. माप मोठ्या माणसाचं. भाऊजींचं गणित तयार होतं. “आत्ता तिला स्टुलावर उभी करू. दोन-तीन वर्षांत उंची वाढेलच. एकदाच घ्यायचं, कायमचं घ्यायचं.” ताईला ते पटत नव्हतं, पण का पटत नाही ते सांगताही येत नव्हतं. मग फोन मला. कारण मी फ्रीलान्सर, म्हणजे घरच्यांच्या मते मला वेळच वेळ!

पाऊण म्हणजेच पूर्ण

सुरुवातीलाच एक गंमत समजून घ्या, नाहीतर दुकानात हमखास गोंधळ होतो. डबल बासची मापं अपूर्णांकात सांगतात. ४/४, ३/४, १/२, १/४, १/८ आणि त्याहून छोटा १/१०. आपल्याला वाटतं ४/४ म्हणजे मोठ्यांचा आणि ३/४ म्हणजे कॉलेजकुमारांचा. चूक! जगभरातले बहुतेक प्रौढ वादक, अगदी प्रोफेशनल ऑर्केस्ट्रातलेही, ३/४ हाच बास वाजवतात. ४/४ हा अवाढव्य प्रकार असतो आणि तो क्वचितच दिसतो. म्हणजे बासच्या दुनियेत पाऊण म्हणजेच पूर्ण.

दुसरी गंमत म्हणजे १/२ हा काही ३/४ च्या प्रमाणात बारीक झालेला नसतो. ही नावं आहेत, गणित नव्हे. खरं बघायचं ते तारेची लांबी. म्हणजे वर खुंट्यांच्या खाली जी छोटी पट्टी असते, जिला नट म्हणतात, तिथपासून खाली ब्रिजपर्यंत. ब्रिज म्हणजे आपल्या तंबोऱ्याची घोडी समजा. ३/४ बासवर ही लांबी साधारण १०५ सेंटीमीटर असते, १/२ वर ९७ च्या आसपास आणि १/४ वर ९० च्या आसपास. मेकरप्रमाणे यात थोडं इकडेतिकडे होतं. म्हणून लेबल वाचून थांबू नका, पर्समधून मेजरिंग टेप काढा.

अंदाज यावा म्हणून सांगते, तुमच्या रूममेटच्या गिटारची तार साधारण ६५ सेंटीमीटर असते आणि मोठ्यांच्या व्हायोलिनची ३३ च्या आतबाहेर. ३/४ बास उभा केला की सहा फुटांच्या आसपास जातो आणि वजन दहा किलोच्या घरात. चौथीतल्या मुलीच्या शेजारी तो वाद्य कमी आणि कपाट जास्त दिसतो.

अकरा सेंटीमीटरचा सवाल

पण उंची हा खरा प्रॉब्लेम नाहीच. स्टूल आणून उंची भरून काढता येते. बोटं कुठून आणणार?

बासवर डाव्या हाताची पहिली पोझिशन घ्यायची तर तर्जनीपासून करंगळीपर्यंत एक पूर्ण स्वर मावावा लागतो. आपल्या भाषेत सा ते शुद्ध रे एवढं अंतर. ३/४ बासवर मानेच्या वरच्या टोकाला हे अंतर जवळपास ११ सेंटीमीटर भरतं. १/२ वर १० आणि १/४ वर सव्वानऊ. गिटारवर तेच अंतर पावणेसात आणि व्हायोलिनवर जेमतेम साडेतीन! हे वाचता वाचता तुम्ही स्वतःची बोटं टेबलावर पसरून बघत असणार. मीही बघितली. ११ सेंटीमीटर पसरून, तसंच धरून, वर जाड तार दाबायची आणि हे अर्धा तास करायचं. आता हाच हात नऊ वर्षांच्या मुलीचा आहे अशी कल्पना करा.

फ्रान्झ सिमांडल नावाच्या बासवादकाने एकोणिसाव्या शतकात बास शिकवण्याची जी पद्धत रूढ केली, ती आजही जगभर चालते. त्यात खालच्या पोझिशन्समध्ये तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढीच स्वर दाबतात. अनामिका नुसती करंगळीच्या मदतीला. का, तर मोठ्या माणसाच्या हातालाही चार बोटं वेगवेगळी टाकणं तिथे जड जातं. मोठ्यांसाठीच एवढी सवलत करावी लागते, तिथे मुलांचं काय?

मोठ्या बासवर छोटा हात टाकला की शरीर आपोआप जुगाड करतं. अंतर पुरत नाही म्हणून मनगट बाहेर मोडतं. ताकद पुरत नाही म्हणून अंगठा मानेला आवळून धरतो. वर पोचत नाही म्हणून खांदा कानाला लागतो. मूल जिद्दीचं असेल तर तसंच वाजवत राहतं आणि ते जास्त वाईट. कारण मग ही ओढाताण म्हणजेच ‘वाजवणं’ अशी हाताची समजूत होते. पुढे योग्य मापाचं वाद्य आलं तरी ती सवय सुटायला वर्षं जातात.

वांद्र्याला एक सर बास शिकवतात. मूळचे गोव्याचे. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गोव्याच्या वादकांची जी मोठी फळी होती, त्यातले कित्येकजण गावच्या पॅरिश स्कूलमध्ये नोटेशन वाचायला शिकून मुंबईत आले होते. सरांचं घराणं त्याच वळणाचं. भाचीला घेऊन आम्ही तिघंही त्यांच्याकडे गेलो. भाऊजींनी आपलं स्टुलाचं गणित मांडलं. सरांनी वाद घातला नाही. आपला मोठा बास त्यांनी भाचीच्या हातात दिला आणि म्हणाले, “बेटा, ही दोन बोटं इथे ठेव.” तिने ठेवली. करंगळी तारेवर पोचली तेव्हा तर्जनी उचलली गेली होती. तिने पुन्हा प्रयत्न केला, ओठ दाबून. पुन्हा तेच. सर भाऊजींना म्हणाले, “बघा, ती अजून वाजवायला लागलीच नाही. ती फक्त पकडतेय.”

भाऊजी गप्प. येताना गाडीत त्यांनी त्या सेकंडहँड बासवाल्याला मेसेज करून नको म्हणून कळवलं.

ट्रायल रूममध्ये पाच मिनिटं

सरांनी त्या दिवशी माप कसं बघायचं ते दाखवलं. त्याची ही चेकलिस्ट. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

१. नट कुठे येतो? मुलाला सरळ उभं करा. बासच्या खालची लोखंडी दांडी, म्हणजे एंडपिन, हवी तेवढी बाहेर काढा. वरचा नट साधारण भुवई ते कपाळाच्या पातळीत यायला हवा. डोक्याच्या बराच वर जात असेल तर बास मोठा.

२. उजवा हात कुठे पोचतो? हात नुसता खाली सोडायचा, बो धरून. फिंगरबोर्ड संपतो तिथपासून ब्रिजपर्यंतच्या मोकळ्या पट्ट्यात बो सहज लागायला हवा. त्यासाठी वाकावं लागत असेल तर माप चुकलंय.

३. तर्जनी ते करंगळी. पहिल्या पोझिशनमध्ये सा-रे घ्यायला लावा. दोन्ही बोटं गोलसर राहून तारेवर टेकली पाहिजेत. एक टेकवताना दुसरं उचललं जात असेल किंवा मनगट मोडत असेल तर एक साइज खाली या.

४. तार दाबली जाते का? तारा फिंगरबोर्डपासून फार उंच असतील तर योग्य मापाचा बासही छळतो. दुरुस्ती करणारा कारागीर ब्रिज कमी करून देतो. नवीन वाद्याला बऱ्याचदा हे काम करून घ्यावंच लागतं.

५. चेहरा बघा. हे कुठल्या तक्त्यात नाही. दोन मिनिटांनी मूल श्वास रोखून उभं आहे की इकडेतिकडे बघत हसतंय?

वयाप्रमाणे तक्तेही असतात. ढोबळमानाने पहिली-दुसरीतल्या मुलांना १/१० किंवा १/८, त्यानंतर १/४, सहावी-सातवीच्या सुमाराला १/२ आणि टीनएजमध्ये ३/४. पण हे नुसते अंदाज. एकाच वर्गातल्या दोन मुलींच्या उंचीत वीतभर फरक असतो, हे कुठलाही क्लासचा ग्रुप फोटो सांगेल. आणि दोन मापांच्या मध्ये अडकलात तर छोटं घ्या. छोट्या बासचा आवाज थोडा कमी घुमतो, पण हात मोकळा राहतो.

अर्थात अगदीच छोटंही नको. बोटं एकमेकांवर चढायला लागली, एंडपिन पूर्ण बाहेर काढूनही मूल पोक काढून उभं राहायला लागलं, की समजायचं पुढच्या मापाची वेळ आली. दर सहा महिन्यांनी वरची ट्रायल पुन्हा घ्यायची. उन्हाळ्याची सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी, लक्षात ठेवायला सोपं.

छोटे बास आले कुठून?

भाऊजींची समजूत तशी जगावेगळी नव्हती. ‘बास ना? मग मोठा झाल्यावर ये,’ असंच बास शिकवणारे पिढ्यान्पिढ्या सांगत आले. म्हणून पूर्वीचे अनेक बासवादक दुसऱ्या वाद्यावरून इकडे वळलेले दिसतात. जॅझचा दिग्गज चार्ल्स मिंगस आधी चेलो वाजवायचा. अमेरिकेचा गॅरी कार नवव्या वर्षी बासकडे आला, पण त्याच्या घराण्यातच पिढ्यान्पिढ्या बासवादक होते.

चित्र बदललं ते मुलांच्या मापाचे बास बनायला लागल्यावर. इंग्लंडमध्ये रॉडनी स्लॅटफर्ड या बासवादकाने १९८० च्या दशकात ‘मिनी बास’ची चळवळच सुरू केली. अमेरिकेत जॉर्ज व्हॅन्स या शिक्षकाने छोट्या मुलांसाठी टप्प्याटप्प्याने जाणारी पुस्तकं काढली. त्यामागचं लॉजिक साधं होतं. सहा-सात वर्षांचं मूल व्हायोलिन शिकू शकतं कारण त्याला त्याच्या मापाचं व्हायोलिन मिळतं. बासला ते मिळालं तर तेही होईल.

आणि माप बघून वाद्य घेणं हा काही पाश्चात्त्य शोध नाही. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला. त्या मिरजेत तंबोरा मागायला गेलात तर पहिला प्रश्न येतो, पुरुषी आवाजासाठी की बायकी? दोन्हींची मापं वेगळी. वाद्याने माणसाला जुळायचं, हे आपल्या कारागिरांना केव्हाच माहीत आहे.

मुंबईत मिळेल का?

इथे मात्र थोडं टेन्शन आहे. मी शहरातल्या चार-पाच दुकानांत फोन केले. व्हायोलिनच्या सगळ्या साइज? आहेत. चेलो? आहे. १/४ डबल बास? पलीकडे शांतता, मग “मॅडम, ऑर्डर करावा लागेल.” बऱ्याच जणांना मी बास गिटारच विचारतेय असं वाटलं.

म्हणून शिक्षक आधी शोधा, वाद्य नंतर. शिक्षकाला कुणाकडे कुठला बास पडून आहे हे माहीत असतं. भाड्याने मिळत असेल तर उत्तमच. युरोप-अमेरिकेत मुलांचे बास बहुधा भाड्यानेच घेतात आणि मूल वाढलं की बदलून आणतात. छोटा बास मिळतच नसेल तर काही शिक्षक चेलोला बासच्या सुरातल्या तारा लावून त्यावर सुरुवात करून देतात. जॅझ-रॉककडे ओढा असेल तर शॉर्ट स्केल बास गिटार हाही रस्ता आहे. चार तारा त्याच, ई, ए, डी, जी. लांबी साधारण ७६ सेंटीमीटर. बो चालवणं तेवढं त्यावर शिकता येणार नाही.

ऑर्डर करणार असाल तर तीन गोष्टी विचारून घ्या. एक, तारा त्याच मापाच्या आहेत का? मोठ्या बासच्या तारा छोट्यावर लावल्या तर त्या ढिल्या पडतात आणि सूर लागत नाही. दोन, बॉडी प्लायवूडची की अख्ख्या लाकडाची? अख्ख्या लाकडाचा आवाज सरस, पण मुंबईच्या पावसाळ्यात ते फुगतं, जोड सुटतात. शिकाऊ मुलासाठी प्लाय बरा, धक्केही सोसतो. तीन, एंडपिनला रबरी टोक आहे का? नसेल तर व्हिट्रिफाइड टाइल्सवर बास घसरतो आणि मूल त्याला धरण्यातच दमतं. खाली जुनं पायपुसणं टाकलं तरी काम होतं.

आणि लिफ्ट मोजा. हसू नका, खरंच मोजा.

“मुलगी आणि एवढं मोठं?”

हे सोसायटीतल्या काकूंचं वाक्य. काकूंसाठी दोन बातम्या. एस्पेरांझा स्पाल्डिंग ही अमेरिकन मुलगी उभा बास वाजवत गाते. २०११ मध्ये ‘बेस्ट न्यू आर्टिस्ट’चं ग्रॅमी तिने घेतलं आणि त्या वेळी नॉमिनेशनमध्ये होता खुद्द जस्टिन बीबर. दुसरी बातमी घरचीच. २०२४ च्या ग्रॅमीमध्ये झाकीर हुसेन आणि राकेश चौरसिया यांच्या नावाने आपण सगळ्यांनी स्टेटस टाकले. त्यातला ‘अ‍ॅज वी स्पीक’ हा अल्बम त्यांनी बेला फ्लेक आणि एडगर मेयर यांच्यासोबत केलाय. मेयरचं वाद्य? हत्तीचंच! आजच्या वीकेंडला हेडफोन लावून ऐका. तबला आणि बासरीखाली जमीन धरून कोण उभं आहे ते कळेल.

आता भाचीचं. सरांकडे एक १/४ बास होता. कडा झिजलेल्या, वार्निश उडालेलं. त्यांच्या हाताखालच्या चार मुलांनी तो एकामागून एक वाजवला होता. पहिल्या दिवशी तिची तर्जनी आणि करंगळी एकाच वेळी तारेवर टेकली आणि जो आवाज आला, त्याने ती स्वतःच दचकली. या गोष्टीला नऊ महिने झाले. प्रॅक्टिसला अजून तरी पोट दुखलेलं नाही.

ताईने तो बास विकत मागितला, तर सरांनी सरळ नाही म्हटलं. भाडंही नको. अट एकच, छोटा पडायला लागला की नव्या तारा लावून परत आणून द्यायचा. पुढचं मूल वाट बघत असतं.

मला वाटतं आपल्या घरांतला हा दुसरा फंडा जास्त कामाचा आहे. वाढत्या अंगाचं घेणं सोडा, पण ताईची पुस्तकं धाकटीला आणि दादाची सायकल मावसभावाला, ते मात्र चालू ठेवा. तुमच्या माळ्यावर लहानपणीचं अर्ध्या मापाचं व्हायोलिन, छोटी गिटार, हार्मोनियम असं काही असेल तर या रविवारी खाली काढा. धूळ पुसा, तारा बदला आणि जवळच्या एखाद्या म्युझिक क्लासमध्ये नेऊन द्या. तिथे कुणीतरी ओठ दाबून मोठ्या वाद्याशी झटत असेल.